न प्यायलेले चाळीस कप

ठमाबाईला साठ वर्षांत कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. त्यावरून ती मऊ स्वभावाची असेल असं कुणी समजू नये. लग्नानंतर सासऱ्यानं दोनदा घराबाहेर काढली, तेव्हा दोन्ही वेळा ती मागच्या दारानं आत येऊन चुलीपाशी बसली होती. नवरा पुंजा तिला थट्टेनं ‘खुंटा’ म्हणायचा. दावं तुटेल, बैल पळेल, खुंटा काही जागचा हलायचा नाही.

पण तोंडावर नकार देण्याची करवंदपाड्यात पद्धतच नव्हती. पेठच्या डोंगरातला हा साठेक घरांचा पाडा. कुणी सोयरीक घेऊन आलं, कुणी भाताच्या आवणीसाठी बैलजोडी मागायला आलं, की त्याला घोंगडीवर बसवायचं, सगळं ऐकून घ्यायचं आणि कोरा चहा मांडायचा. आलेल्यानं चहा घ्यायचाच. ज्याच्याकडे मागणं आलं त्यानं आपला कप उचलला, की होकार. त्याचा कप जमिनीवर तसाच राहिला, की पाहुणा काय ते समजायचा आणि पावसापाण्याच्या दोन गोष्टी बोलून उठायचा. धाकट्या लेकीला, मीनाला सुरगाण्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाचा बाप तासभर बोलला. बोलता बोलता त्यानं तीनदा ठमाबाईच्या कपाकडे पाहिलं. कपात माशी पडली, पण ठमाबाईचा हात काही पुढे झाला नाही. “येतो बाई,” म्हणून तो उठला. आठ दिवसांनी हाच माणूस बाजारात भेटला, तेव्हा त्यानं तिला नागलीचं चांगलं बी दिलं. कुणाचा अपमान नाही की कुणाच्या मनात अढी नाही. इतकी सोयीची रीत ठमाबाईनं जन्मभर पाळली आणि तिच्याच पायी ती फसली.

पाड्याच्या वर बोडका नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात, एका जुन्या उंबराच्या मुळांत झिरा आहे. होळीनंतर विहीर तळाला जाते, तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत सगळा पाडा या झिऱ्यावर जगतो. बायका पहाटेपासून नंबर लावतात, दगडाच्या खळग्यात साठलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरतात. ठमाबाईची तिथली मैत्रीण कमळाबाई. तिचं दात घासणं म्हणजे मोठा कार्यक्रम असे. ती मिसरी लावून, थुंकून, तोंड धुऊन येईपर्यंत एक हंडा भरायचा. हे ठमाबाईचं माप होतं आणि तीस वर्षांत ते फारसं चुकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बोडक्याच्या पलीकडच्या अंगाला दगडाची खाण सुरू झाली. दुपारी भोंगा वाजे, मग सुरुंग. कुडाच्या भिंतींचं सारवण पोपड्यांनी गळायला लागलं. आंब्याचा मोहर खडीच्या धुळीनं पांढरा होऊन झडला. लोकांनी तेही सोसलं, कारण पाड्यातल्या दहाबारा पोरांना तिथं काम लागलं होतं. पण पहिल्याच उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी ताकासारखं झालं आणि कमळाबाईची मिसरी दोनदा लावून झाली तरी हंडा भरेना. आता कंपनीला डोंगराचा अलीकडचा उतार हवा होता. म्हणजे उंबराच्या थेट डोक्यावरचा.

शिमगा झाला आणि तिसऱ्या दिवशी कंपनीनं पाड्यात सभा घेतली. दिवस विचारपूर्वक निवडला होता. द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेली माणसं शिमग्याला घरी असतात, सगळ्यांना बोलता यावं, असा त्यामागे हेतू होता. हेतू रोहितचा. कंपनीसाठी लोकांशी बोलायचं काम हा तिशीतला तरुण पाहायचा. नाशिकचा, गंगापूर रोडला राहणारा. बुटांना धूळ लागली की दर दहा मिनिटांनी वाकून पुसायचा, पण बोलणं गोड होतं. मागे कापडी फलक लावला होता, ‘शाश्वत विकास, सर्वांचा सहभाग’. त्यानं झाडं लावायचं सांगितलं, शाळेला बाक द्यायचं सांगितलं, उन्हाळ्यात टँकर पाठवायचं सांगितलं. दुधाचा चहा वाटला गेला.

“आता तुम्ही बोला,” तो म्हणाला. “कुणाची काही हरकत असेल तर मोकळेपणानं सांगा. आम्ही ऐकायलाच आलोय.”

त्यानं आणखी दोनदा विचारलं, कुणी बोललं नाही. ठमाबाईनं आपला कप पायापुढे ठेवला आणि हात पदराखाली घेतले. चहावर जीव टाकणाऱ्या कमळाबाईनंसुद्धा आवंढा गिळून कप खाली ठेवला. बघता बघता सगळ्या मांडवात कप खाली टेकले. दुधाच्या चहावर साय धरली. फक्त खाणीवर काम करणाऱ्या चार पोरांनी चहा प्यायला. त्यांत ठमाबाईच्या दिराचा मुलगा सुनील होता. बाकीचे चाळीस कप भरलेले राहिले.

रोहितनं सभेचे फोटो काढले, सगळ्यांचे आभार मानले आणि तो गाडीत बसला. ठमाबाई घरी येऊन पुंजाला म्हणाली, “सांगून झालं एकदाचं. सगळ्या गावानं सांगितलं.”

चैत्रात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. शाळेतल्या एका पोरीकडून ठमाबाईनं तो वाचून घेतला. सभेत ग्रामस्थांनी कोणतीही हरकत घेतली नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. प्रस्तावित जागेपासून पाचशे मीटरच्या आत पाण्याचा स्रोत नाही.

“परत वाच,” ठमाबाई म्हणाली. पोरीनं परत वाचलं. ठमाबाईचा हंडा कमरेवरून घसरला, तो तिनं गुडघ्यानं अडवला.

सुनील घरापुढे खाणीवरच्या टँकरला पाइप लावून डंपर धूत होता. ठमाबाई तडक तिथं गेली.

“कंपनीचा पाहणीवाला आला होता त्याला डोंगर कुणी दाखवला?”

“मी दाखवला. का?”

“झिरा नाय दाखवला?”

“त्यानं नाय विचारला.” सुनीलनं पाइप बंद केला नाही. “तो म्हणला, नदी हाय का, तळं हाय का? मी म्हणलो, नाय. खोटं काय त्यात?”

“आन् सभेत चाळीस कप तसेच राहिले, तेव्हा त्या दादाला सांगायला तुझं तोंड कुठं गेलं होतं? तुला तरी कळत होतं ना?”

“काकी, तू मला शिकवू नको.” आता त्यानं पाइप खाली टाकला. पाणी दोघांच्या पायांतून वाहू लागलं. “सातपूरला कारखान्यात आठ वर्षं रात्रपाळी केली मी. पत्र्याच्या खोलीत सहा जण झोपायचो. बाप मेला तेव्हा दुसऱ्या दिवशी पोचलो. आज घरी जेवतो, पोराला शाळेत सोडतो. नवा उतार सुरू झाला तर पाड्यातली अजून वीस पोरं घरी येतील. तुला झिरा पायजे. टँकर येणार हाय ना!”

“टँकर बंद झाला तर?”

“बंद झाला तर बघू.”

“कोण बघल? तू का तुझा डंपर?”

“जा तू,” सुनील म्हणाला. “लोकांपुढं तमाशा नको. तुझ्या एका हंड्यापायी सगळ्यांच्या पोटावर पाय देऊ नको.”

शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून झिऱ्यावर ठमाबाईशी बोलणाऱ्या बायका कमी झाल्या. ज्यांची पोरं खाणीवर होती त्या तिचा हंडा पुढे सरकवू देईनात. एकीनं तर तिची वाटी उचलून खाली कोरड्या ओढ्यात फेकली. ठमाबाई उतरली, वाटी शोधून आणली, राखेनं घासली आणि परत नंबराला उभी राहिली.

मग ती कमळाबाईला घेऊन एसटीनं नाशिकला गेली. गंगापूर रोडवर कंपनीचं ऑफिस काचेचं होतं. रखवालदारानं दोघींना पायऱ्यांवर दोन तास बसवलं. शेवटी रोहितनंच काचेतून पाहिलं आणि आत घेतलं.

“मावशी, अहो त्या दिवशी मी तीन वेळा विचारलं. कुणी एक शब्द बोललं नाही.”

“तू चहा दिला ना?”

“दिला की.”

“कुणी पिला?”

रोहितला काही उमगलं नाही. कमळाबाई मध्येच म्हणाली, “माझ्यासारखीनं पिला नाय, दुधाचा! तरी तुला कळंना?”

ठमाबाईनं त्याला रीत समजावून सांगितली. त्यानं मोबाइल काढून सभेचा फोटो मोठा केला. समोर रांगेनं कप होते, काठोकाठ भरलेले. तो एकेक कप मोजत गेला. मग शेजारच्या टेबलावरचा एक जण खुर्ची वळवून हसला.

“चहा नाही घेतला म्हणजे परवानगी नाही? मावशी, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?”

“तुझ्या घरी पोरगी हाय का लग्नाची?” ठमाबाईनं त्याच्याकडे वळून विचारलं. “मी सोयरीक घेऊन येते. तू काय बोलू नको, गप बस. मी गावात पत्रिका वाटते, मुलीच्या बापाची हरकत नाय म्हणून.”

त्या माणसाचं हसू मावळलं. “रोहित, यांना बाहेर काढ,” तो म्हणाला. “आणि आधी नीट बोलायला शिकवा. कुणालाही अरेतुरे करतायत.”

पाड्यात सगळेच सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, देवालाही. हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. रोहित दोघींना दारापर्यंत सोडायला आला. “अहवाल वर गेलाय, माझ्या हातात काही नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “वैशाखात सरकारी जनसुनावणी आहे, तुमच्याच शाळेत. तिथं तोंडानं बोला. जे तोंडानं बोलाल तेच लिहिलं जातं.”

“तू लिहिलं ते कुणी तोंडानं बोललं होतं?” ठमाबाईनं विचारलं. रोहितनं वाकून बूट पुसला.

सुनावणीच्या दिवशी शाळेपुढे मांडव घातला होता. टेबलामागे अधिकारी बाई, शेजारी टिपणं घेणारा कारकून, दाराशी दोन पोलीस. खाणीवरच्या पोरांना सुट्टी दिलेली होती. ती पुढच्या सगळ्या खुर्च्या अडवून बसली होती. बायका मागे, जमिनीवर. रोहितनं अहवाल वाचला. पाण्याचा स्रोत नाही, हे वाक्य त्यानं जरा भराभर वाचलं. चहा फिरला. बायांनी कप घेतले आणि खाली ठेवले.

“ज्यांची हरकत असेल त्यांनी माइकवर यावं,” अधिकारी बाई म्हणाल्या.

ठमाबाई उठली. पुढून आवाज आले.

“ए, वाट द्या, पुढारीण आली!”

“कुठल्या संस्थेनं पाठवली गं? गाडीभाडं किती दिलं?”

“चहा कडू हाय का काकी? साखर घालू?” हा सुनील होता. सगळे हसले.

माइक तिच्या तोंडापाशी आला तसा शिट्टी मारायला लागला. समोर टेबलाशी बसलेली बाई पाहुणी होती. गावात आलेली, गावचा चहा पुढे असलेली. पाहुण्याच्या डोळ्यांत बघून ते बोलायचं म्हणजे ठमाबाईला भर मांडवात पदर टाकल्यासारखं वाटत होतं. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

“नाय,” ठमाबाई म्हणाली.

माइकमुळे शब्द एवढा मोठा झाला की छपरावरचे कावळे उडाले. मागच्या दोन म्हाताऱ्यांनी शिवी ऐकल्यागत तोंडावर पदर घेतला.

“नाय. उंबराच्या डोक्यावरचा उतार फोडायला आमची परवानगी नाय. होळीच्या सभेतपण नव्हती. झिरा हाय, बाई. तुझ्या कागदात नाय, डोंगरात हाय.”

“मॅडमला तू म्हणते! बसव तिला खाली!” पोरं ओरडली. एकानं खुर्ची आपटली. पोलीस पुढे झाला.

कमळाबाई जागेवरूनच उभी राहिली आणि म्हणाली, “माझीपण नाय.” मग आणखी दोघी, मग लांब उभा राहिलेला पुंजा. दहाअकरा जणांना ते जमलं. बाकीच्या बायका मान खाली घालून बसून राहिल्या. त्यांच्या ओठांपर्यंत शब्द येत होता आणि परत जात होता.

“अकरा हरकती,” कारकून म्हणाला.

“ज्यांच्यापुढं कप भरलेला हाय त्यांच्यापण लिही,” ठमाबाई म्हणाली.

“कप कसे लिहिणार?” अधिकारी बाई वैतागल्या. “उपस्थितांनी चहा घेतला नाही, असं लिहू?”

“लिही. आन् का नाय घेतला, तेपण लिही. मी सांगते.”

तिनं सांगितलं. कारकुनानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, तसं त्यानं लिहिलं. ठमाबाईनं ते तिथंच मोठ्यानं वाचून घेतलं आणि मग म्हणाली, “आता चल.”

“कुठे?”

“झिऱ्यावर.”

पोरांनी पुन्हा गोंगाट केला. मॅडमना उशीर होतोय, ऊन आहे, काटे आहेत. अधिकारी बाईंची खरंच इच्छा नव्हती. पण अहवालातलं वाक्य त्यांच्यापुढे उघडं होतं आणि त्यावर भर सभेत हरकत लिहिली गेली होती. त्या उठल्या. मोजणीची फीत मागवली. प्रस्तावित हद्दीचा पांढरा दगड ते उंबराचं खोड, एवढं अंतर रोहितनं आणि कारकुनानं करवंदीच्या जाळ्यांतून फीत ओढत मोजलं. एकशे साठ मीटर भरलं. रोहितच्या बाह्या फाटल्या. आकडा त्यानंच मोठ्यानं सांगितला.

“पण याला स्रोत म्हणायचं का?” मागून सुनील म्हणाला. “वाटीभर पाणी नाय त्यात.”

ठमाबाईनं पदरात बांधलेली वाटी काढली. खळग्यात तांब्या टेकवून ती उकिडवी बसली आणि वाटीनं पाणी घेऊ लागली. खाली ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“झालं, पाहिलं मी,” बाई म्हणाल्या.

“भरू दे,” ठमाबाई म्हणाली. “भरलेला बघ.”

उन्हात सगळे उभे राहिले. वाटी खळग्यात बुडायची, अर्धी भरायची, मग थांबायचं. पोरांचा गोंगाट आपोआप कमी झाला. त्यांतल्या प्रत्येकाची आई पहाटे इथं असंच बसत होती. तांब्या भरायला सतरा मिनिटं लागली. बाईंनी घड्याळात पाहून ती लिहायला लावली. पाणी निवळल्यावर तांब्याच्या तळाशी पांढरी पूड बसली, तेही लिहायला लावलं.

“पाहणी करणाऱ्याला हा डोंगर कुणी दाखवला होता?” त्यांनी विचारलं. आवाज आता वेगळा होता. “गावातलं कुणी बरोबर होतं ना? नाव सांगा.”

रोहितनं जमिनीकडे पाहिलं. त्याला नाव आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. सुनील फीत गुंडाळत होता, त्याचे हात थांबले. बाईंनी ठमाबाईकडे पाहिलं.

ठमाबाईनं तांब्यातलं पाणी उंबराच्या मुळाशी ओतलं, वाटी पुसली, पदरात बांधली आणि ती उतरणीला लागली.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला पत्र आलं. नव्यानं पाहणी होईल, तोवर अलीकडच्या उताराला परवानगी नाही. पलीकडची जुनी खाण चालूच राहिली, सुरुंगही चालू राहिले. वीस पोरांचं काम हुकलं आणि त्याचा राग पाड्यानं ठमाबाईवर काढला. कुणी तिच्या शेताभोवतीच्या वईचे काटे उपटून नेले. मीनाच्या सासरी निरोप गेला की तुझ्या आईनं गावाचं वाटोळं केलं. नव्या उताराच्या भरवशावर सुनीलनं सातपूरची ओळख तोडून टाकली होती. जुन्या खाणीवर आता त्याला आठवड्यातून तीनच दिवस काम होतं.

मृग लागायच्या आधी एका सकाळी तो आला आणि दारातच उभा राहिला.

“माझं नाव का नाय घेतलं?”

“बस,” ठमाबाई म्हणाली.

“घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं असतं सगळ्यांपुढं, काकीनं पुतण्याला गाडला. आता लोक मलाच विचारतात, तू काकीला सामील होता का? धड इकडचा नाय, धड तिकडचा नाय.”

“बस. चहा टाकते.”

तो बसला. पुंजाही काठी टेकत येऊन बसला. दोन वर्षांपासून पुंजाचे गुडघे गेले होते. चिखलणीला औत सुनीलच धरायचा. ठमाबाईनं कोरा चहा तिघांपुढे ठेवला, आपला कप उचलून एक घोट घेतला आणि विचारलं, “औंदा आवणीला येशील का?”

सुनील कपाकडे बघत राहिला. पलीकडे भोंगा वाजला, मग सुरुंग झाला. चहावर बारीक कंप उठला आणि विरला. सुनीलनं कप उचलला, दोन घोट घेतले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग कप खाली ठेवला आणि उठून चालता झाला. जाताना ‘येतो’ही म्हणाला नाही.

ठमाबाईनं कप उचलून उजेडाला धरला. अगदी निम्मा होता.

“अर्धाच पिला,” ती म्हणाली.

पुंजानं कपात डोकावून पाहिलं.

“अर्ध्याचं काय समजायचं, ते आपल्यात ठरलेलं नाय,” तो म्हणाला.

ठमाबाईनं कप चुलीच्या ओट्यावर झाकून ठेवला, हंडा उचलला आणि ती झिऱ्याकडे निघाली.